निर्बंध एका दिवसात उठले, भीती उठायला वेळ लागेल



२०२२ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, आपल्या राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. दोन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला, तेव्हा सगळीकडे नुसता आनंदच दिसायला हवा होता. पण वर्गात आणि घरोघरी चित्र जरा वेगळं होतं. काही मुलं मास्क काढायला तयार नव्हती. काही पालक म्हणत होते, "गुरुजी, आता सुट्टी तोंडावर आलीय, जूनमध्येच पाठवतो." आणि खरं सांगायचं तर, स्टाफरूममध्ये कुणी खोकलं की आपणसुद्धा मान वळवून बघत होतो.

या भीतीला आपण एकतर हसतो, नाहीतर तिच्यावर चिडतो. माझ्या मते दोन्ही चूक आहे. ही भीती खरी आहे, तिला कारणं आहेत, आणि ती कमी करणं हे भाषा-गणिताइतकंच शाळेचं काम आहे.

ही भीती आली कुठून?

पहिलं कारण, ती आपणच शिकवली. मार्च २०२० पासून घरी, टीव्हीवर, मोबाईलच्या कॉलर ट्यूनवर, आणि शाळा उघडल्यावर परिपाठातसुद्धा मुलांनी एकच ऐकलं. जवळ जाऊ नको, हात लावू नको, डबा वाटून खाऊ नको, तुझ्यामुळे आजीला होईल. त्या वेळी ते सांगणं गरजेचंच होतं. मुलांनी ते मनापासून शिकून घेतलं. एरवी शिकवलेलं पक्कं लक्षात ठेवणाऱ्या मुलाचं आपण कौतुक करतो. मग हा एकच धडा त्याने एका रात्रीत विसरावा, ही अपेक्षा कशी धरायची?

दुसरं कारण, शाळेचं उघडणं-मिटणं. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेलं मूल बघा. त्याची पहिली वर्गात न बसताच संपली. पहिली ते चौथीचे वर्ग सुरू करायला ग्रामीण भागात परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून, म्हणजे तोवर त्याची अर्धी दुसरी झाली होती. जरा रुळतंय तोच जानेवारीत ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद, आणि २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू. अशा मुलाला "आता शाळा कायमची सुरू झाली" म्हटलं तर ते विश्वास का ठेवेल?

तिसरं कारण खेड्यापाड्यांत जास्त जाणवतं. पहिल्या लाटेत मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसांना अनेक गावांत शाळेच्या खोल्यांतच ठेवलं होतं. विलगीकरण कक्षाची ती पाटी मुलांनी लांबून पाहिली आहे. "तिकडे फिरकायचं नाही" हे घरच्यांनी दटावून सांगितलेलं त्यांना आठवतं. आता त्याच खोलीत त्यांना आपण बसवतो आहोत.

आणि मोठ्यांचं काय? आपल्यातल्या कितीतरी जणांनी चेकपोस्टवर ड्यूट्या केल्या, घरोघर जाऊन तापमान आणि ऑक्सिजन मोजला. कुणाच्या घरातलं माणूस गेलं, कुणाचा सहकारी गेला. पालकांची काळजीही उगाच नाही. १२ वर्षांपुढच्या मुलांचं लसीकरण १६ मार्च २०२२ ला सुरू झालं, पण प्राथमिकच्या बहुतेक मुलांसाठी तेव्हा लस नव्हती. अशा आईला "तुम्ही उगाच घाबरता" म्हणणं बरोबर नाही.

"लाड पुरे झाले, अभ्यास बुडालाय"

हा मुद्दा बरेच जण मांडतात आणि त्यात तथ्य आहे. तिसरीच्या उंबरठ्यावरची मुलं जोडाक्षराला अडत होती, हातच्याची बेरीज विसरली होती. म्हणूनच २०२२ मध्ये एप्रिलअखेरपर्यंत पूर्ण वेळ शाळा भरवायला सांगितलं होतं. वेळ कमी आहे हे मलाही मान्य आहे.

पण घाबरलेलं मूल शिकत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेलं आहे. ते फळ्याकडे बघतं, पण लक्ष दाराकडे असतं. विचारलं की येणारं उत्तरही विसरतं. तेव्हा भीती बाजूला सारून अभ्यास रेटला तर वेळ वाचत नाही, तोच धडा दोनदा शिकवावा लागतो.

पण घरी ठेवणं हाही उपाय नाही

पालकहो, आता तुम्हाला एक सांगायचं आहे. ज्याची भीती वाटते ते टाळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं. पण टाळत गेलं की भीती वाढत जाते. विहिरीला घाबरणारं पोर काठावर न जाता कधी पोहायला शिकलंय का? त्याला ढकलून देऊ नये हे खरं, पण कंबरेला डबा किंवा दोर बांधून, कुणीतरी सोबत राहून पाण्यात उतरवावंच लागतं. मुलाला जूनपर्यंत घरी ठेवलं तर जूनमध्ये त्याला आणखी जड जाईल. एप्रिलचे हे राहिलेले दिवस सवयीचे आहेत. ते वाया घालवू नका.

मग करायचं काय?

डी.एड.ला आपण अध्यापनाची सूत्रं पाठ केली होती. सोप्याकडून कठिणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. हीच सूत्रं भीतीलाही लागू पडतात.

१) मास्क ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक. ज्याला घालायचा त्याने घालावा, कुणी हसायचं नाही, हा वर्गाचा नियम करा. सहावी-सातवीच्या काही मुली आजारापेक्षा लाजेनं मास्क काढत नाहीत. दोन वर्षांत चेहरा बदलला आहे, तो वर्गाला पहिल्यांदाच दिसणार आहे. त्यांना सर्वांसमोर टोकू नका.

२) मास्क काढण्याची सुरुवात कामातून करा. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटून उच्चारली जातात. ओठ दिसले नाहीत तर लहान मुलांना हे ध्वनी ओळखणं अवघड जाऊ शकतं. आधी बाईंनी लांब उभं राहून ओठ दाखवावेत, मग मुलांनी घरून आणलेल्या छोट्या आरशात आपापले बघावेत. पाच मिनिटांचा खेळ होतो, आणि मास्क आपोआप थोडा वेळ खाली येतो.

३) आधी मैदान, मग वर्ग. मोकळ्या हवेतला धोका बंद खोलीपेक्षा कमी, हे मुलांनाही पटतं. झाडाखाली गोष्ट, मैदानात पाढे, मग दारं-खिडक्या उघड्या ठेवून वर्गात.

४) मुलांना बोलू द्या, चित्र काढू द्या. "लॉकडाऊनमध्ये मी काय केले" हा निबंध आता पुरे झाला. त्याऐवजी "मला अजून कशाची भीती वाटते" हे विचारा. त्याला गुण देऊ नका, शुद्धलेखनाच्या चुकाही काढू नका. ज्या मुलाच्या घरात मृत्यू झाला आहे, त्याच्यावर मात्र लिहायची सक्ती नको. त्याच्याशी एकट्यात बोला.

५) खोटी हमी देऊ नका. "आता कोरोना गेला, परत येणार नाही" असं कुणालाच सांगता येत नाही, आणि उद्या शाळा पुन्हा बंद झाली तर मूल आपल्यावरचा विश्वास गमावेल. त्यापेक्षा खरं सांगा. आता मोठ्यांना लस मिळाली आहे, डॉक्टरांना हा आजार पूर्वीपेक्षा जास्त कळला आहे, ताप आला तर घरी राहायचं, हात धुवायचे. एवढं मुलांना पुरतं.

एक मागणी

२०२१ मध्ये जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला. बुडालेल्या अभ्यासावर पूल बांधायला ४५ दिवस आपण दिले, मग मनाच्या पुलासाठी जूनमधले पहिले दोन आठवडे मागितले तर ते जास्त नाहीत. त्या दोन आठवड्यांत चाचण्या नकोत, ऑनलाइन माहिती भरण्याची घाई नको. खेळ, गाणी, गोष्टी, गप्पा आणि एकत्र बसून डबा खाणं एवढंच असावं. वरून आदेश येईल तेव्हा येईल. आपापल्या वर्गापुरतं हे करायला मुख्याध्यापकांची आणि पालकांची साथ पुरेशी आहे. मे महिन्याच्या सुट्टीआधीच्या पालक सभेत हा विषय जरूर घ्या.