बग्गीतला गॅस आणि न दिसणारी कामं

मंडळी, शीर्षक वाचून तुम्ही म्हणाल, मराठी आणि इतिहास शिकवण्यात जन्म गेला त्या बाईंना हे काय सुचलं? पण गेला महिनाभर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुसरा विषय नाही. तिथे दोन ओळींपलीकडे कुणी वाचत नाही, म्हणून माझं मत इथे सविस्तर लिहिते आहे.

माझा नातू, लेकीचा मुलगा, अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. त्याने एक जुनी ड्यून बग्गी घेतली आहे. नवरदेवाची घोड्याची बग्गी नव्हे हो! जुन्या फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा आखूड करून त्यावर फायबरग्लासचं उघडं अंग बसवायचं आणि जिथे रस्ता नाही तिथे, वाळूत नाहीतर खडकांत, हिंडायचं. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली अशी पहिली 'मेयर्स मँक्स' बनवली, आणि १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातली पहिली मोठी शर्यत अशाच बग्गीने जिंकली. नातवाला तिचं इंजिन पेट्रोलऐवजी प्रोपेनवर चालवायचं आहे. प्रोपेन आपल्याला परका नाही. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं, तिकडे जवळजवळ निव्वळ प्रोपेन मिळतो.

झालं! घरात दोन तट पडले. सांगलीहून नणंदबाईंचा फोन, "वहिनी, त्याला आवरा. बॉम्ब घेऊन फिरणार का पोरगा?" आणि त्यांचाच मुलगा मला म्हणतो, "मामी, त्यात काय एवढं? आपल्याकडे लोक घरातला सिलिंडर ठेवून व्हॅन चालवायचे की!" मला या दोघांचंही पटत नाही.

आधी नणंदबाईंचं. नातवाची ही लहर नाही, त्याला कारण आहे. पेट्रोलच्या कार्बोरेटरमध्ये एक लहानशी वाटी असते, तिच्यात तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. गाडी खडकावर तिरकी झाली की वाटीतलं पेट्रोल एका अंगाला जातं, इंजिन आचके देतं आणि नेमकं अवघड जागी बंद पडतं. वायूला वाटीच लागत नाही. गाडी कितीही कलली तरी इंजिन चालू राहतं. म्हणून तिकडच्या खडक चढणाऱ्या हौशी मंडळींत प्रोपेन वापरायची पद्धत जुनी आहे. गोदामांतल्या कितीतरी फोर्कलिफ्टही त्यावरच चालतात. शिवाय प्रोपेन स्वच्छ जळतो, तेल लवकर काळं होत नाही. पैसे वाचतील म्हणून मात्र हे करू नये. एक लिटर प्रोपेनमध्ये पेट्रोलच्या साधारण पाऊणपट ऊर्जा असते, म्हणजे तेवढ्याच अंतराला जास्त लिटर लागणार.

आता भाच्याचं "त्यात काय एवढं?" खरी गंमत इथे आहे. ती मला नातवानेच व्हिडिओ कॉलवर समजावली.

टाकीत प्रोपेन दाबाखाली द्रवरूपात असतो. इंजिनाला तो वायू करून द्यावा लागतो, आणि द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते. किती? एक किलो प्रोपेनला साधारण तेवढी, जेवढीत एक लिटर गार पाणी उकळीला येईल. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या शेगड्या तासन्‌तास पेटल्या की सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो, कधी बर्फही धरतो, ते याचमुळे. मग आचारी तो गरम पाण्यात ठेवतात (हे धोक्याचं आहे, करू नये). साध्या मोटारीत ही अडचण येत नाही, कारण इंजिन थंड करणारं पाणी गरम झालेलंच असतं. तेच व्हेपोरायझर नावाच्या डब्यातून फिरवतात आणि गॅसला ऊब मिळते.

पण बीटलच्या इंजिनात पाणीच नाही! ते हवेवर थंड होतं. म्हणजे गॅस आणि इंजिन दोन्ही चांगले, पण दोघांच्या मधला दुवाच गायब. तसंच जोडलं तर थोड्या वेळाने व्हेपोरायझर गोठणार आणि गाडी पुन्हा त्या खडकावरच बंद पडणार.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. पेट्रोलचे थेंब इंजिनात शिरताना वाफ होतात आणि आत जाणाऱ्या हवेला थोडं गार करतात. म्हणजे पेट्रोल नुसतं जळत नव्हतं, जाता जाता इंजिनाला थंडही ठेवत होतं. वायू होऊन आलेला प्रोपेन हे काम करत नाही. त्यात मिश्रणात गॅस कमी पडला, तर जिथे पाण्याचा आधार नाही ते इंजिन फारच तापायचं.

हे ऐकताना मला आमच्या शाळेचे शिपाईमामा आठवले. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी विजेची घंटा बसवली. घंटा अगदी वेळेवर वाजायची. पण पंधरा दिवसांत कळलं की पिण्याच्या पाण्याची टाकी कुणी धुवत नाही आणि उशिरा राहिलेल्या पोरांना घरी कुणी सोडत नाही. ही कामं त्यांच्या यादीत कधी लिहिलेलीच नव्हती.

माझं म्हणणं इतकंच आहे. एखादी गोष्ट काढून दुसरी बसवताना, पहिली न बोलता आणखी काय काय करत होती हे विचारावं. जुगाड करणारा तो प्रश्न विचारत नाही, आणि आपण त्यालाच हुशारी म्हणून टाळ्या वाजवतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर ओट्याखाली उभा राहण्यासाठी केलेला असतो, मुलांनी भरलेल्या व्हॅनमध्ये धक्के खाण्यासाठी नाही. गाडीच्या टाकीत ८० टक्क्यांवर भरणं थांबवणारी झडप असते, नळी तुटली तर गॅस अडवणारी झडप असते, दाब वाढला तर सोडणारी असते. गाड्यांतल्या एलपीजीसाठी आपल्याकडे २००१ साली केंद्राचा स्वतंत्र आदेश निघाला. घरगुती सिलिंडर गाडीला लावणं बेकायदा आहे. त्या व्हॅनमधून माझे विद्यार्थी यायचे, म्हणून भाच्याच्या त्या "की" वर मला हसू येत नाही.

नातवाने मात्र प्रश्न विचारला आहे. इंजिनाचं गरम तेल, किंवा एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापणारा पाण्याचा छोटा बंद फेरा, यांपैकी एकाने तो व्हेपोरायझरला ऊब देणार आहे. टाकी चौकटीला पक्की बोल्ट करणार, जोड जाणकाराकडून तपासून घेणार. मी दोन अटी घातल्या. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, गळला तर खाली साचतो, तेव्हा खड्डा असलेल्या किंवा बंद गॅरेजात बग्गी ठेवायची नाही. आणि इंजिनाच्या हेडचं तापमान दाखवणारा मीटर लावल्याशिवाय ती बाहेर काढायची नाही. "आजी, तू सायन्सची टीचर असायला हवी होतीस," म्हणाला.

तेव्हा नणंदबाई, त्याला आवरायचं नाही. एकवीस वर्षांचा मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसण्याऐवजी हात काळे करून उष्णता कुठून येते आणि कुठे जाते हे शोधतो आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. धोका आहेच. पण समजून घेतलेला धोका आणि डोळे झाकून पत्करलेला धोका यांत मी फरक करते. तो मीटर त्याच्या वाढदिवसाला माझ्या पेन्शनमधून जाणार आहे.

असो. गाड्यांतलं कळणारी मंडळी आपल्यात आहेत. माझ्या समजण्यात काही राहून गेलं असेल तर खाली जरूर लिहा, नातवाला वाचून दाखवीन.