हत्यार आणि हात

सुताराला त्याच्या पेटीतील आवडते हत्यार कोणते असे विचारले, तर तो बहुधा सर्वांत महाग हत्यार दाखवीत नाही. वर्षानुवर्षे वापरून ज्याची मूठ गुळगुळीत झाली आहे, असा जुना रंधा तो पुढे करतो. संगणकासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या कारागिरांचीही हीच रीत आहे. हा विषय आज घेण्याचे कारण असे, की बऱ्हाणपूर परिसरातील आपली मुले-मुली बारावीनंतर या विद्येकडे वळू लागली आहेत. मुलगा म्हणतो, भारी लॅपटॉप आणि विकतची सॉफ्टवेअर घेतल्यावाचून शिक्षण होणार नाही. मग केळीच्या पिकाच्या भरवशावर कर्ज काढावे काय, असा प्रश्न आईबापांस पडतो. त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

प्रोग्राम म्हणजे काय, हे यंत्रमागांच्या या शहराजवळ राहणाऱ्यांस समजावयास कठीण जाऊ नये. कारण त्याचा एक धागा मागापर्यंत पोहोचतो. फ्रान्समधील लियों शहरच्या जोसेफ मारी जाकार या विणकरपुत्राने १८०४ च्या सुमारास मागाला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडली. भोक असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जाई, नसेल तेथे तो खालीच राही. पुठ्ठे बदलले की कापडावरील नक्षी बदले. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या योजलेल्या गणितयंत्रास आज्ञा देण्यासाठी हीच युक्ती घेतली. यंत्राने कोणत्या क्रमाने काय करावे, हे आधी लिहून ठेवणे म्हणजे प्रोग्राम होय.

तो लिहिण्याचे पहिले हत्यार म्हणजे एडिटर. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली पुढे आणलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर आज पुष्कळांच्या हाती दिसतो, आणि तो विनामूल्य मिळतो. परंतु जुन्या मुरलेल्या कारागिरांचे प्रेम ‘विम’ या एडिटरवर फार आहे. हॉलंडचे ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ साली लोकांस दिला. हे गृहस्थ १९९४ साली आफ्रिकेतील युगांडा देशात किबाले येथील बालकेंद्रात पाणी व स्वच्छतेच्या कामी स्वयंसेवक म्हणून राहिले होते. एड्सच्या साथीने तेथील पुष्कळ मुले पोरकी केली होती. परतल्यावर त्यांनी आपल्या एडिटरची किंमत मागितली नाही. ज्यास तो आवडेल त्याने त्या मुलांस मदत करावी, एवढीच विनंती केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते वारले.

दुसरे हत्यार ‘गिट’. फिनलंडमध्ये जन्मलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. त्याचे काम आपल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीसारखे आहे. त्या वहीत जुनी नोंद खोडली जात नाही. पुढे दृढीकरण झाले, विवाह झाला, तर समासात भर घातली जाते. गिटही प्रोग्राममधील प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, याची नोंद ठेवते. चूक झाली तर कामगारास मागे जाऊन ती कोठे शिरली हे पाहता येते. दहा माणसे एकाच कामावर असली, तरी कोणाचे काम कोणाच्या खाली गाडले जात नाही.

याखेरीज भाषा लागते. १९९१ पासून लोकांपुढे असलेली पायथन ही नवशिक्यांस सोपी भाषा विनामूल्य आहे. संगणक चालविणारी लिनक्स प्रणाली विनामूल्य आहे. पत्रे व हिशेब लिहिण्यासाठी लिब्रेऑफिसही तसेच आहे. म्हणजे या धंद्यातील उत्तमोत्तम हत्यारे गरिबाच्या मुलासही मिळतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. विकतच्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली नक्कल कोणी पेन ड्राइव्हवर आणून देतो, आणि घरात तिला ‘फुकट मिळाले’ असे म्हणतात. कर्त्याने स्वखुशीने दिले ते दान, आणि त्याच्या परवानगीवाचून घेतले ती चोरी. सातवी आज्ञा संगणकाच्या पडद्यापाशी येऊन थांबत नाही. शिवाय अशा नकलेतून यंत्राचे विषाणूही घरात येतात.

तेव्हा आईबापांनी घाईने कर्जाच्या कागदावर सही करू नये. शिकण्याच्या आरंभास जुना पण धडका संगणक पुरतो. मुलास आधी घरचे काम सांगावे : केळीच्या घडांचे वजन, व्यापाऱ्याने दिलेला भाव, खतांचा खर्च यांचा हिशेब लावणारा लहानसा प्रोग्राम लिहून दाखव. चार-सहा महिने तो चिकाटीने हे करीत राहिला, तर त्याची ओढ खरी आहे असे समजावे. मग मोठ्या यंत्राचा विचार खुशाल करावा. हल्ली कृत्रिम बुद्धीची साधने मागाल तो प्रोग्राम लिहून देतात. तीही वापरावीत, पण हिशेब चुकला तर तो ओळखणारा माणूसच लागतो, आणि ती नजर सरावावाचून येत नाही. मुलीची ओढ असेल, तर तिलाही हीच संधी द्यावी.

पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद दिलेले कार्लो आकुतिस हे असेच एक मूल होते. त्यांनी पुस्तके वाचून स्वतःच प्रोग्रामिंग शिकून घेतले आणि त्या विद्येने पवित्र ख्रिस्तप्रसादाविषयीच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडली. २००६ साली वयाच्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने ते देवाघरी गेले.

विनामूल्य मिळालेल्या हत्याराचे देणे पैशांनी फिटत नसले, तरी ते असतेच. ज्या मुलास कोणा परदेशस्थाने आपले हत्यार दिले, त्याने आपली विद्या शेजारच्या मुलास शिकवावी, गावच्या दूध संस्थेचा हिशेब लावून द्यावा. नाझरेथच्या सुताराने, संत योसेफाने, आमच्या या नव्या कारागिरांचे हात प्रामाणिक ठेवावेत, अशी आमची प्रार्थना आहे.