सात वर्षांचा घोडा जगज्जेता होऊ शकतो, पण ऑलिंपिकमध्ये उतरू शकत नाही. असं का?

२९ जुलै २०२४. पॅरिसजवळ व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात जर्मनीच्या मिखाएल युंगने इव्हेंटिंगमधलं तिसरं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. सगळे कॅमेरे युंगवर होते. त्याचा घोडा चिपमंक १६ वर्षांचा होता, याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही.

युंगची आधीची दोन सुवर्णं सॅम या एकाच घोड्यावरची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सॅम १२ वर्षांचा होता, २०१६ ला रिओमध्ये १६ वर्षांचा. मधल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये युलिया क्रायेव्स्की जिंकली, तेव्हा तिची घोडी अमांद ११ वर्षांची होती. म्हणजे गेल्या चार ऑलिंपिकमध्ये या खेळाचं वैयक्तिक सुवर्ण ११ वर्षांपेक्षा लहान घोड्याला मिळालेलंच नाही.

आता दुसरं चित्र बघा. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या ल लिओं दांजे या छोट्या गावात इव्हेंटिंगची एक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. तिथे दोनच गट असतात, ६ वर्षांचे घोडे आणि ७ वर्षांचे घोडे. ज्या ऑलिंपिकमध्ये ८ वर्षांखालच्या घोड्याला प्रवेशच नाही, त्याच खेळात सातव्या वर्षी 'जगज्जेता' ही पदवी मिळते.

एकाच खेळाची ही दोन घड्याळं आहेत आणि त्यांच्या कात्रीत सापडतो तो कोवळा घोडा.

आधी खेळ समजून घेऊ

इव्हेंटिंग म्हणजे घोड्यांचं ट्रायथलॉन. मूळ लष्करातलं. घोडदळातला घोडा शिस्तीचा, धाडसी आणि दमदार आहे का, हे तपासायची परीक्षा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. पहिला टप्पा ड्रेसाजचा, त्यात रिंगणात ठरलेल्या हालचाली अचूक आणि शांतपणे करून दाखवायच्या. दुसरा क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानात ओंडके, चर, पाणी, चढउतार ओलांडत धावायचं. हे अडथळे भक्कम असतात, खूर लागला की पडतील असे नाहीत. तिसरा शो जंपिंगचा, तिथे दांडी पडली की ४ दंडगुण. ज्याचे दंडगुण सगळ्यात कमी, तो जिंकला.

स्पर्धांचे दर्जे वन-स्टार ते फाइव्ह-स्टार. ल लिओं दांजेमध्ये ६ वर्षांचे घोडे टू-स्टारला उतरतात आणि ७ वर्षांचे थ्री-स्टारला. थ्री-स्टारच्या क्रॉस-कंट्रीत अडथळे १.१५ मीटरपर्यंत आणि वेग मिनिटाला साधारण ५५० मीटर. घोड्याला झेपणारं आहे का? झेपतं. पण त्या वयापर्यंत तो तिथे कसा पोहोचला, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

घोड्याच्या तोंडातलं कॅलेंडर

नंदुरबारमधल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी काय करतं? घोड्याचं तोंड उघडून दात बघतं. ही रीत उगाच नाही. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पडतात आणि पक्के येतात. तोंड 'पूर्ण' व्हायला पाचवं वर्ष उजाडतं.

आता चार वर्षांच्या घोड्याची कल्पना करा. हिरड्या सुजलेल्या, दात हलतायत आणि त्याच तोंडात लगामाची लोखंडी कडी. तो मान झटकतो, लगाम घेत नाही. घाईतला स्वार म्हणतो, 'हट्टी आहे.' जाणता माणूस आधी दात बघतो.

हाडांचंही तसंच. लांब हाडांच्या टोकांशी वाढीचे मऊ पट्टे असतात. गुडघ्याच्या वरचा पट्टा दोन-अडीच वर्षांच्या आसपास बंद होतो, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. आणि स्वार बसतो तो नेमका पाठीवरच.

त्यात एक फसवी गोष्ट आहे. सराव सुरू झाला की घोड्याचा दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि कंडरा मात्र महिनोन्‌महिने घेतात. त्यामुळे घोडा वरून 'तयार' दिसतो, जोमात धावतो, आणि पाय अजून तयार नसतात.

मग सात वर्षांचा होईपर्यंत पागेत बांधून ठेवायचं का? तेही चूक. लहान वयात मोकळं फिरणं आणि बेताचं काम मिळालं तर हाड त्या भारानुसार मजबूत होतं. नुसता उभा राहिलेला घोडा सुरक्षित नसतो, तो कच्चा असतो. त्यामुळे वाद 'लवकर की उशिरा' एवढाच नाही, 'किती' हाही आहे.

वयाची मोजणीही सरळ नाही. उत्तर गोलार्धात स्पर्धेसाठी प्रत्येक घोड्याचा वाढदिवस १ जानेवारीला धरला जातो. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि जूनमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं. म्हणजे ऑक्टोबरच्या '७ वर्षांच्या' गटात एक घोडा पावणेआठ वर्षांचा असतो, दुसरा जेमतेम सव्वासात. शाळेतल्या पहिलीच्या वर्गासारखंच.

गुणफलक ज्या गोष्टी सांगत नाही

युरोपात इव्हेंटिंगचा हंगाम साधारण मार्च ते ऑक्टोबर. मार्चमध्ये चिखल, ऐन उन्हाळ्यात दगडासारखी जमीन. चांगला प्रशिक्षक कोवळ्या घोड्याला एक-दोन स्पर्धा देतो, मग काही आठवडे कुरणात सोडून देतो. स्पर्धेच्या सकाळी मैदानावर चालून बघतो आणि जमीन फार टणक वाटली तर घोडा परत ट्रकमध्ये चढवतो. प्रवेश शुल्क गेलं तर गेलं.

खरी परीक्षा क्रॉस-कंट्रीत असते. नवख्या घोड्याला पाण्याची खोली कळत नाही. त्याच्यासाठी तो जमिनीतला चमकणारा खड्डा असतो. म्हणून सरावात आधी एखादा जुना घोडा पाण्यात घालतात आणि नवख्याला त्याच्या मागून चालत नेतात. उडी नाही, वेग नाही. चार वेळा शांतपणे आतबाहेर झालं की घोड्याच्या मनात 'पाणी म्हणजे जमीनच' हे बसतं. पहिल्याच वेळी पाय घसरला, वर चाबूक बसला, तर तोही अनुभव बसतो. घोडा विसरत नाही.

आता नियम बघा. क्रॉस-कंट्रीत घोडा अडथळ्यासमोर अडला तर २० दंडगुण. आणि ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर प्रत्येक सेकंदाला ०.४. म्हणजे एखाद्या स्वाराने मुद्दाम सावकाश धाव घेतली, प्रत्येक अडथळ्याआधी घोड्याला बघायला, समजून घ्यायला वेळ दिला आणि ५० सेकंद उशिरा पोहोचला, तर त्यालाही २० दंडगुण.

गुणफलकावर दोघं सारखेच. एक घोडा घाबरून थांबला, दुसरा एकदाही न डगमगता सगळं पार करून आला. प्रशिक्षकाच्या दृष्टीने पहिल्याचं काम नव्याने सुरू करायचंय आणि दुसऱ्याचा दिवस सोन्याचा गेलाय. निकालाचा स्क्रीनशॉट मात्र एवढंच सांगतो की दोघंही खालच्या नंबरात.

हा दोष नियमाचा नाही. वेळ मोजल्याशिवाय स्पर्धा होणार कशी? पण त्या आकड्यावरून सहा वर्षांच्या घोड्याचं मोल ठरवायला लागलं की गडबड होते.

मग घाई कोणाला?

सरळ उत्तर द्यायचं तर पैशाला. इव्हेंटिंगमध्ये बक्षिसाच्या रकमेवर पागा चालवणं बहुतेकांना जमत नाही. अनेक व्यावसायिक स्वार कोवळे घोडे घडवून विकतात, त्यावर त्यांचं घर चालतं. घोड्याचा मालक वेगळा, पैदास करणारा वेगळा, आणि प्रत्येकाला वयोगटातल्या यशाची पाटी हवी असते. 'सहा वर्षांच्या गटात जागतिक स्पर्धेत खेळलेला' या एका ओळीने किंमत बदलते.

याची दुसरी बाजू क्रायेव्स्कीच्या गोष्टीत दिसते. पॅरिसचा विजेता चिपमंक लहान होता तेव्हा त्याला घडवलं तिने. २०१९ मध्ये तो युंगकडे गेला. घडवणारा एक आणि पदक दुसऱ्याच्या गळ्यात, हे या खेळात नवीन नाही. क्रायेव्स्कीने नंतर अमांदला उभं केलं आणि टोकियोत हे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली महिला ठरली.

वयोगटाच्या स्पर्धा वाईटच असतात, असंही नाही. ब्रिटनच्या ऑलिव्हर टाउनएंडची घोडी कूली रोझालेंट २०२१ मध्ये ७ वर्षांच्या गटात जगज्जेती होती. २०२४ मध्ये, दहाव्या वर्षी, तिने अमेरिकेतली केंटकीची फाइव्ह-स्टार स्पर्धा जिंकली. नीट सांभाळलं तर घोडी दोन्ही घड्याळांवर चालू शकते. पण अशी उदाहरणं नावानिशी आठवतात, याचाच अर्थ ती रोजची नाहीत.

हा प्रश्न आता पागेच्या आत राहिलेला नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर ब्रिटनची ड्रेसाजपटू शार्लट डुजार्डिन एका सरावातल्या जुन्या व्हिडिओमुळे बाहेर पडली. त्यात ती घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारताना दिसत होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफईआयने, तिच्यावर वर्षभराची बंदी घातली. घोड्यांच्या कल्याणासाठी एफईआयने त्याआधीच, २०२२ मध्ये, स्वतंत्र आयोग नेमला होता. लोक आता पदकासोबत सरावही बघतात. आणि कोवळ्या घोड्याचं जवळपास सगळं आयुष्य सरावातच असतं.

भारताचा यात संबंध काय?

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत लष्कराच्या रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं होतं, संघानेही सुवर्ण मिळवलं. पुढचं वैयक्तिक पदक यायला २०१८ उजाडलं. जकार्तात फवाद मिर्झाने रौप्य जिंकलं आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तो २३ वा आला. त्याचा घोडा सेन्योर मेडिकॉट जर्मनीत घडलेला. फवादच्या आधी जर्मन स्वार बेटिना होय त्याच्यावर स्पर्धा खेळत असे. २०२३ मध्ये हांगझोऊला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. या संघाचा सरावही युरोपातलाच.

यामागे हौस नाही, अडचण आहे. घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांमुळे भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला नेणं फार कठीण होतं. त्यामुळे भारतीय खेळाडूसमोर रस्ता एकच उरायचा, युरोपात जाऊन तिथे तयार झालेला घोडा घ्यायचा. हा खर्च किती जणांना परवडणार? आणि सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. पहिली पाच-सात वर्षं घोडा कसा घडवायचा, हे शिकण्याची गरजच इथे फारशी उरली नाही.

जुलै २०२५ मध्ये यात एक बदल झाला. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात अश्वरोगमुक्त विभाग उभारला गेला आणि जागतिक पशु आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. तिथल्या घोड्यांना परदेशी स्पर्धांसाठी नेण्याचा मार्ग त्यामुळे खुला होऊ शकतो. प्रत्येक देशाचे आयातीचे नियम वेगळे असतात, त्यामुळे उद्याच विमान निघेल असं नाही.

पण एक हिशेब करून बघता येतो. मान्यता मिळाली त्या २०२५ मध्ये भारतात जन्मलेलं शिंगरू २०३२ च्या ब्रिस्बेन ऑलिंपिकला ७ वर्षांचं असेल, म्हणजे अपात्र. २०३६ ला, ज्या ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी भारत इच्छुक आहे, ते ११ वर्षांचं असेल. टोकियोत अमांद होती तेवढंच. त्याला शिकवायला कोणी बसणार असेल, तर खोगीर चढवायची वेळ २०२८-२९ च्या आसपास येईल.