ऑस्ट्रेलियन झुडपे आणि आपली थंडी

लातूर व नांदेड जिल्ह्यांत अंगणात ऑस्ट्रेलियातील शोभेची झुडपे लावण्याची हौस दिसून येते. तांबड्या तुऱ्यांचा बॉटलब्रश त्यांत अग्रभागी आहे. रोप नेणारा गृहस्थ हटकून विचारतो, "साहेब, थंडीला टिकेल ना?" प्रश्न गैर नाही; परंतु आपल्याकडे तो दुय्यम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दंव गोठण्यास निरभ्र आकाश, पडलेला वारा व सखल जागा यांचा योग जुळावा लागतो. जमिनीची ऊब रात्री निघून जाते आणि जड, थंड हवा खोलगट भागी साचते. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा २ अंशांखाली उतरला, तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागल्या. आपल्याकडे असे प्रसंग विरळाच. गोदावरी-मांजरेच्या काठी सखल जागी रोप असल्यास पहिल्या हिवाळ्यात तुराट्यांचा आडोसा करावा व दुपारी हलके पाणी द्यावे. ओल्या जमिनीत ऊब अधिक राहते. चांगला मुरलेला बॉटलब्रश हलके दंव सहज सोसतो.

खरी अडचण जमिनीची व पाण्याची आहे. हे झुडूप मूळचे ओढ्याकाठचे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्यास लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. लोक यास थंडीचा फटका समजतात. थंडीने पान पिवळे न पडता करपून तपकिरी होते, एवढा भेद ध्यानात ठेवला तरी पुष्कळ. निचऱ्यासाठी खड्ड्यात मुरूम व शेणखत घालावे. सिल्व्हर ओकच्या कुळातील झुडपांना मात्र सुपर फॉस्फेट देऊ नये. त्यांतील पुष्कळांना स्फुरद अधिक झाल्यास बाधते.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात अंगणात एखादा बॉटलब्रश असावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही; पण कुंपणभर रांग लावणे मला पटत नाही. कुंपणास आपला तरवड वा निर्गुडी पुरेशी आहे.

परदेशी गेलेली मुले हौसेने बियांची पुडी खिशात घालून आणतात. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार अशा बियांस आयात परवाना व त्या देशाचा वनस्पती आरोग्य दाखला लागतो. तेव्हा पुडी आणण्यापेक्षा येथील रोपवाटिकेत वाढलेले रोप घ्यावे; त्याने निदान एक मराठवाडी उन्हाळा पाहिला आहे काय, एवढे मात्र विचारून घ्यावे.