जोडधंद्याचा ‘छोटा हत्ती’: चाके अर्धवेळ, हप्ते पूर्णवेळ

नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी टेम्पो चालवायचा आणि घरखर्चाला हातभार लावायचा, हा विचार शहरी पगारदाराला आकर्षक वाटतो. परवान्याच्या अडचणी कायद्याने दूर केल्या आहेत. मात्र दार उघडले म्हणजे धंदा परवडतोच असे नाही.

- विशेष प्रतिनिधी

चाकणच्या एखाद्या मोटार कारखान्यात लहानसा सुटा भाग वेळेवर पोहोचला नाही, तर जुळणीचे सारे काम खोळंबते. भोसरी किंवा पिंपरीतील लघुउद्योजक अशा वेळी मोठा ट्रक भरण्याची वाट पाहत बसत नाही. तो ओळखीच्या टेम्पोवाल्याला फोन करतो आणि दोन खोकी घेऊन टेम्पो तासाभरात रवाना होतो. अमेरिकेत अशा तातडीच्या, लहान खेपांच्या वाहतुकीला ‘हॉटशॉट’ म्हणतात. टेक्सासच्या तेलक्षेत्रात बंद पडलेल्या यंत्रांचे सुटे भाग पिकअप गाडीतून घाईने पोहोचवण्यापासून तिची सुरुवात झाली, असे मानले जाते. नोकरी करता करता फावल्या वेळात अशा खेपा मारण्याची कल्पना तेथे रुजली. आपल्याकडे शब्द नवा असला, तरी काम जुनेच आहे. ते करणाऱ्या गाडीला महाराष्ट्रात ‘छोटा हत्ती’ म्हणतात.

टाटा मोटर्सने मे २००५ मध्ये ‘एस’ ही छोटी मालगाडी बाजारात आणली. ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, पाऊण टनाच्या आसपास भार आणि सुमारे सव्वादोन लाखांची किंमत, असे तिचे स्वरूप होते. मोठ्या शहरांत दिवसाच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध असतात. शहराबाहेरच्या गोदामापर्यंत ट्रक आणि तेथून दुकानापर्यंत छोटी गाडी, ही विभागणी त्यामुळे अपरिहार्य झाली होती. तीनचाकी टेम्पोपेक्षा स्थिर आणि ट्रकपेक्षा स्वस्त अशा गाडीची जागा रिकामी होती, ती ‘एस’ने भरून काढली. पुढे २०१५ मध्ये महिंद्राची ‘जीतो’ आणि २०१६ मध्ये मारुतीची ‘सुपर कॅरी’ स्पर्धेत उतरली. जून २०२५ मध्ये टाटांनी चार लाखांच्या आतील ‘एस प्रो’ आणली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. २०१५ पासून विनातारण मुद्रा कर्जाची सोयही आहे. थोडक्यात, गाडी घेणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

दार उघडले ते असे

पगारदाराच्या दृष्टीने खरा बदल घडला तो परवान्यात. हलके का होईना, मालवाहू वाहन चालवायचे तर परवान्यावर व्यावसायिक वाहनाची स्वतंत्र नोंद, म्हणजे बोलीभाषेतील ‘बॅज’, आवश्यक मानला जात असे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये मुकुंद देवांगण प्रकरणात ही गरज मोडीत काढली. विमा कंपन्यांनी त्यावर आक्षेप घेतल्याने प्रश्न घटनापीठापुढे गेला. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी जुना निर्णय उचलून धरला. एकूण भारासह ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. मोटार चालवण्याचा परवाना असलेला बँकेतील कारकूनही आज कायदेशीरपणे टेम्पो चालवू शकतो.

दुसरी सवलत त्याहून जुनी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार, भारासह ज्यांचे वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नाही अशा मालवाहू वाहनांना वाहतूक परमिटची गरज नाही. ‘एस’ किंवा ‘जीतो’ यांच्यासारख्या गाड्या या मर्यादेत सहज बसतात.

पण येथे एक गल्लत वारंवार होते. परमिट नको याचा अर्थ घरची मोटार भाड्याने जुंपता येते, असा नव्हे. माल भाड्याने वाहायचा तर गाडीची नोंदणी मालवाहू म्हणून हवी आणि पाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीच्या मोटारीच्या विमापत्रात, भाड्याने वापर केल्यास संरक्षण मिळणार नाही, अशी अट छापलेली असते. अपघात होईपर्यंत ती कोणी वाचत नाही. मागच्या आसनावर चार खोकी टाकून दोनशे रुपये मिळवणारा मोटारमालक प्रत्यक्षात विम्याविना रस्त्यावर उतरलेला असतो. त्या फेरीत कोणी दगावल्यास मोटार अपघात न्यायाधिकरणाची भरपाई लाखांत जाते. विमा कंपनीला ती आधी देण्यास सांगितले गेले, तरी नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. मग प्रश्न गाडीचा न राहता घराचा होतो.

पिवळ्या पाटीच्या टेम्पोलाही मर्यादा आहेत. लग्नसराईत मंडपाच्या सामानाबरोबर हौद्यात वऱ्हाडी बसवण्याचा प्रघात आहे. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिलेला आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी तेवढा त्या संरक्षणात बसतो.

अकरा दिवसांचे गणित

कायद्याचा अडसर दूर झाला, की उरतो तो पैशाचा प्रश्न. उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. डिझेलवर चालणारी छोटी गाडी रस्त्यावर येईपर्यंत सहा लाखांना पडली, असे धरू. एक लाख स्वतःचे आणि पाच लाख कर्जाचे. व्याज ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर मासिक हप्ता सुमारे १०,८७० रुपये येतो. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनासाठी केवळ तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक दर २०२२ मध्ये १६,०४९ रुपये ठरवण्यात आला होता. गाडीच्या स्वतःच्या विम्यासह महिन्याला अडीच हजार धरावे लागतील. शहरात गाडी उभी करण्याच्या जागेचे दोन हजार, कर आणि पासिंगसाठी पाचशे. एकूण खर्च महिना १५,८७० रुपये होतो. गाडी जागेवरून हलली नाही, तरी हा खर्च चुकत नाही.

आता चालवण्याचा खर्च. दिवसाला ६० किलोमीटर धाव, लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेलचा दर ९० रुपये धरल्यास इंधनाला ३६० रुपये लागतात. टायर आणि देखभालीचे दीडशे मिळवले की दिवसाचा खर्च ५१० रुपये. दिवसाची भाड्याची कमाई दोन हजार धरली, तर हाती १,४९० रुपये उरतात. म्हणजे महिन्याचा स्थिर खर्च भरून काढण्यासाठीच अकरा दिवस गाडी धावली पाहिजे.

शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या नोकरदाराला महिन्यातून साधारण आठ दिवस मिळतात. त्या आठ दिवसांत हीच गाडी चालवून त्याला महिन्याकाठी सुमारे चार हजारांचा तोटा होईल. महिन्यातून २५ दिवस धावणारा पूर्णवेळ चालक त्याच गाडीवर, त्याच दराने, सुमारे २१ हजार रुपये मिळवेल. हप्त्यातून कर्जाचे मुद्दल फिटते आणि पाच वर्षांनी जुनी का होईना गाडी हाती राहते, हे खरे. परंतु ज्याला घरखर्चाला पैसे हवेत, त्याने पगारातून टेम्पो पोसायचा हे कोणत्या हिशेबात बसते? दोघांच्या कष्टांत फरक नाही. फरक आहे तो उभ्या गाडीच्या खर्चात.

हाच हिशेब कर्जाविना मांडला की चित्र पालटते. दोन लाखांची जुनी गाडी रोखीने घेतली आणि त्या रकमेचे बुडालेले व्याज धरले, तरी स्थिर खर्च महिना सहा हजारांच्या आसपास राहतो. देखभालीला रोजचे शंभर रुपये वाढवूनही आठ दिवसांत पाच हजारांची कमाई होऊ शकते. अर्थात गाडीला आठ वर्षे झाली, की दोन वर्षांऐवजी दर वर्षी पासिंग करावे लागते, आणि इंजिनाच्या एका मोठ्या दुरुस्तीत अनेक महिन्यांची कमाई बुडते.

करही पूर्णवेळ

प्राप्तिकराची तरतूदही अर्धवेळ धंद्याला वेगळे मानत नाही. दहापर्यंत मालवाहू वाहने असलेल्यांना हिशेबवह्या न ठेवता अंदाजित उत्पन्नावर कर भरण्याची सोय १९६१ च्या कायद्यात होती. २०२५ च्या नव्या कायद्यातही ती ठेवण्यात आली. अवजड नसलेल्या प्रत्येक वाहनामागे महिना ७,५०० रुपये उत्पन्न त्यात गृहीत धरले जाते. गाडी किती दिवस चालली हे तेथे पाहिले जात नाही. ती किती महिने मालकीची होती, एवढेच पाहिले जाते. फक्त रविवारी चालणाऱ्या टेम्पोचेही वर्षाचे उत्पन्न मग ९० हजार ठरते आणि ते पगारात मिळवले जाते. उत्पन्न याहून कमी दाखवायचे तर वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. आठ दिवसांच्या धंद्याला तो खर्च पेलवणारा नाही.

सरकारी नोकरांपुढचा अडथळा वेगळाच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वमंजुरीशिवाय खासगी व्यापार करण्यास त्यांना मनाई आहे. खासगी नोकरीतही नेमणूकपत्रातील अटी एकदा नजरेखालून घातलेल्या बऱ्या.

ॲप की ओळख?

भाडे मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘पोर्टर’सारख्या कंपन्यांनी मोबाइलवरून टेम्पो मागवण्याची सवय शहरांना लावली. नवख्याला त्यामुळे पहिल्या दिवसापासून काम मिळू शकते. पण दर ॲप ठरवते, आणि एका टोकाला माल उतरवून रिकामे परत यावे लागले की इंधनाचा भार दुप्पट होतो. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम देण्याची तरतूद तीत आहे. परंतु डिसेंबर २०२५ मधील मसुदा नियमांत, लाभासाठी एका कंपनीकडे वर्षात किमान ९० दिवस काम झालेले असावे, अशी अट होती. केवळ रविवारी गाडी काढणाऱ्याचे दिवस भरतात ५२.

दुसरा मार्ग ओळखीचा. केटरर, मंडप-डेकोरेटर, फर्निचरचा दुकानदार किंवा सुट्टीच्या दिवशी बिऱ्हाड हलवणारी कुटुंबे यांना गाडी लागते ती नेमकी शनिवार-रविवारी. गणेशोत्सवापूर्वी पेणहून मुंबईकडे मूर्ती निघतात, तेव्हा जपून चालवणाऱ्या चालकाला मागणी असते. अशी चार-पाच बांधलेली गिऱ्हाइके असतील, तर अर्धवेळ धंदा तग धरू शकतो. गिऱ्हाइके नसताना आधी गाडी घेणारा मात्र हप्त्याच्या धाकाने मिळेल त्या दराला माल उचलतो आणि पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन भरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार अशी तरतूद आहे. एका चुकीत दहा फेऱ्यांची कमाई त्यात जाऊ शकते.

न मोजलेला खर्च

या साऱ्या हिशेबात एक रक्कम कोठेच येत नाही, ती म्हणजे विश्रांतीची. कारखान्यात रात्रपाळी केलेला कामगार सकाळी टेम्पो घेऊन द्रुतगती मार्गाने किंवा नाशिकच्या महामार्गाने निघतो, तेव्हा त्याचे तास मोजणारे कोणी नसते. मालकच चालक असल्याने त्याला थांबवणाराही तोच. चाकावर लागलेल्या एका डुलकीची किंमत त्याच्या कुटुंबाला मोजावी लागते, आणि समोरून येणाऱ्याच्याही.

म्हणून ज्याला या जोडधंद्यात पडायचे आहे, त्याने काही महिने ओळखीच्या टेम्पोवाल्याची गाडी सुट्टीच्या दिवसांपुरती भाड्याने घेऊन पाहणे शहाणपणाचे ठरेल. दोन हजारांची कमाई रोज होते की नाही, गिऱ्हाईक पैसे वेळेवर देते की नाही आणि सोमवारी कामावर डोळे उघडे राहतात की नाही, या तिन्हींची उत्तरे त्यात मिळतील. गाडी घ्यायचीच झाली, तर ती शक्यतो कर्जाविना घ्यावी. कर्ज काढायचे असेल, तर आठवड्याचे उरलेले पाच दिवस ती चालवणारा विश्वासू चालक आधी शोधावा. अकरा दिवसांचे गणित सुटत नसेल, तर घरखर्चाला हातभार लावण्यासाठी घेतलेला टेम्पोच घरावरचे आणखी एक ओझे ठरेल.