यंत्र बदलण्यापूर्वी खोली ऐका!

माइकचा विद्युत्-संदेश आकड्यांत बदलून संगणकाला देणारे यंत्र म्हणजे ऑडिओ इंटरफेस. तुमचे यंत्र सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने घेते. मग १,९२,००० नमुने घेणारे महागडे यंत्र घ्यावे काय? माझ्या मते, नको. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. नमुने त्याच्या दुपटीहून अधिक असले की पुरे. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीला ४४,१०० पुरले.

मुद्रण बिघडते ते बहुधा पंख्याच्या घरघरीने आणि मोकळ्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाने. महाग यंत्र तेही इमानाने टिपेल! दोन माइक एकदम जोडायचे असून जागा एकच असेल, तर यंत्र जरूर बदला. एरवी पंखा बंद करा, भिंतीवर जाड गोधडी टांगा, माइक जवळ घ्या. आधीचे व नंतरचे मुद्रण ऐका आणि मगच पैसे खर्च करा.