भाचेबुवांची ऑफर

भाचेबुवांना ऑफर आली आहे. वय वर्षं ११, मुक्काम पोस्ट चऱ्होली बुद्रुक, हुद्दा ओपनिंग बॅट्समन. पॅकेज शून्य. पण घरात चर्चा अशी चालू आहे, की कुणी चाकणच्या प्लँटमधून थेट जर्मनीला निघालंय.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीतल्या एका स्पर्धेत त्यानं चाळीसेक रन्स काढल्या. बघायला वाकडकडच्या एका क्लबचे सर आले होते. त्यांनी जिजूंना बाजूला घेऊन सांगितलं, "पोरात दम आहे. इथे कशाला वाया घालवताय?" बस्स. त्या 'वाया' शब्दानं ताईची झोप उडाली.

जिजू प्रोडक्शन प्लॅनिंगमध्ये आहेत, त्यामुळे रात्रीतून एक्सेल शीट तयार. डावीकडे सध्याची टीम : सायकलवर दहा मिनिटं, मॅटिंगची विकेट, एकच नेट, शिकवायला एकटे सर. उजवीकडे नवा क्लब : टर्फ विकेट, बोलिंग मशीन, व्हिडिओ अ‍ॅनालिसिस, अडीचपट फी. आणि दिघी, भोसरी, नाशिक फाटा असा प्रवास. संध्याकाळच्या ट्रॅफिकला सव्वा तास, तोही एका बाजूचा, आठवड्यातून चार दिवस. गाडी कोण चालवणार, हा रकाना मात्र कोराच होता. जिजूंच्या शिफ्ट बदलत्या, आणि ताई खराडीहून लोहगावमार्गे घरी टेकते तेव्हा सात वाजलेले असतात.

मला यात गंमत वाटली ती वेगळीच. आपण सगळे जॉब बदलणारी जमात. तीस टक्के हाइक मिळाली, की बॉसचं नाव न विचारता पेपर टाकतो. तोच हिशेब आता पोराला लावतोय : मोठा ब्रँड, चकाचक ऑफिस, सीव्हीवर नाव. ज्याला जायचंय त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. त्यानं मलाच प्रतिप्रश्न केला. "मावशी, तिकडे मला कितव्या नंबरला पाठवतील?"

सगळ्या एक्सेलमध्ये हा प्रश्न नव्हता!

म्हणून एका रविवारी मी त्यांच्याबरोबर तिकडे ट्रायलला गेले. जाळीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी एकच काम केलं, भाचेबुवांच्या वाट्याला येणारे बॉल मोजले. दोन नेट, मुलं चोवीस. दोन तासांत त्यानं खेळले अठरा बॉल. उरलेला वेळ फिल्डिंग, रांग आणि पाण्याची बाटली. बोलिंग मशीन होतं, पण त्यापुढे मोठी मुलं. मंगळवारी चऱ्होलीच्या मैदानावरही मोजले. साठपर्यंत मोजून सोडून दिलं, कारण अंधार पडला तरी सर "लास्ट सिक्स" म्हणत बॉल टाकतच होते. मॅटिंगवर, हे खरं. टर्फवर बॉल वेगळा येतो आणि कधीतरी तो शिकावा लागेलच, हेही खरं. पण अकराव्या वर्षी अठरा की साठ, यात मला तरी फार विचार करावा लागत नाही.

जिजूंनी लगेच सचिनचं उदाहरण फेकलं. त्यानं नाही का शाळा बदलली? बदलली ना. १९८४मध्ये, ११व्या वर्षीच, मोठा भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कला रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला. सरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडून तो शारदाश्रमात आला. पण पुढचं आपण विसरतो. रोजच्या प्रवासानं पोरगं दमायला लागलं, तेव्हा त्याला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला पाठवलं. आणि त्या बदलात त्याला मिळालं काय? तर मॅचेस. साठ दिवसांच्या उन्हाळी सुट्टीत पंचावन्न मॅचेस खेळल्याचं त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय. आचरेकर सर स्कूटरवर बसवून त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. १९८८मध्ये हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीबरोबर ६६४ रन्सची पार्टनरशिप झाली, ती शारदाश्रमाकडूनच.

आणि उदाहरणच हवं तर आपल्या पिंपरी-चिंचवडचं घ्या की! ऋतुराज गायकवाड थेरगावच्या वेंगसरकर अ‍ॅकॅडमीत गेला तेव्हा तोही ११ वर्षांचाच होता. २०१६मध्ये तो महाराष्ट्राकडून रणजी खेळला आणि २०२२मध्ये विजय हजारे ट्रॉफीत एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारले. त्याची अ‍ॅकॅडमी त्याच्या शहरातच होती. आमची 'शहरातलीच' अ‍ॅकॅडमी गाठायला भोसरीचा पूल ओलांडावा लागतो, हा भाग वेगळा. आणि घाई तरी कसली? विजय मर्चंट ट्रॉफी १६ वर्षांखालच्या मुलांची. मधे पाच वर्षं आहेत. चौदाव्या वर्षी हाच प्रश्न आला, तर मी कदाचित स्वतः गाडी चालवेन.

एक्सेलमध्ये आणखी एक नाव नव्हतं. भाचेबुवांचा पार्टनर. दोघं दोन वर्षं एकत्र ओपन करताहेत. त्याच्या बाबांचं आळंदी रोडवर पंक्चरचं दुकान आहे. अडीचपट फी तिथे चर्चेलाही येत नाही. ट्रायलची बातमी कळल्यावर तो म्हणाला, "जा की, मी दुसरा शोधतो." तेव्हापासून दोघं रन काढताना एकमेकांना हाक मारत नाहीत. त्या आठवड्यात दोनदा रनआउट झाले. सरांनी काय ते ओळखलं, पण विचारलं काही नाही.

शेवटी ठरलं ते असं : हा सीझन चऱ्होलीतच. मे महिन्यात वाकडच्या क्लबचा समर कॅम्प करायचा. शाळा नाही, सकाळची वेळ, रस्ता मोकळा. दोन्ही डगरींवर हात, असं ताई म्हणते. म्हणू दे. अट एकच, सरांना हे जिजूंनी समोर जाऊन सांगायचं, मेसेज टाकून नव्हे. आपण ऑफिसात नोटीस पीरियड पाळतो ना? सर इतकंच म्हणाले, "कॅम्पहून आला, की तिकडचं काय ते मलाही दाखव."

भाचेबुवांचं म्हणणं, गाडी जाणारच आहे, मागची सीट रिकामीच असते, तर पार्टनरलाही न्यायचं. पेट्रोलचा प्रश्न सुटला. कॅम्पच्या फीचं मात्र जिजू अजून बोललेले नाहीत, आणि पार्टनरच्या बाबांना कसं विचारायचं, ते ताईला सुचत नाहीये.